सीटखालचा पडदा

भावोजी,

हे पत्र मी तुम्हाला लिहितेय, पण तुम्ही ते वाचणार नाही याची मला खात्री आहे. दोन ओळी झाल्या की तुमचे डोळे मिटतात. शाळेत मिटायचे, अजूनही मिटतात. म्हणजे हे वाचणारे दुसरेच कुणीतरी असणार आणि त्यांना आधी तुमची ओळख करून द्यावी लागणार. तेव्हा तुम्हाला माहीत असलेलंच मी तुम्हाला सांगतेय असं वाटलं तरी मध्ये बोलू नका.

तुम्ही माझे धाकटे दीर. धंदा मोटारसायकलींच्या सीटा शिवण्याचा. दुकान म्हणजे सुट्या भागांच्या गल्लीतला एक लांबोडका बोळ. दाराशी शिवणयंत्र, मागच्या भिंतीला फोमच्या लाद्या, आणि मधल्या स्टुलावर तुम्ही, मांडीवर कुणाची तरी उलटी सीट घेतलेले. लोक तुम्हाला मास्तर म्हणतात. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेत नापास होण्यात गुंतला होतात. पदवीधर सून आली म्हणून तुमचं गणित माझ्या गळ्यात पडलं. मी अपूर्णांक शिकवायची आणि तुम्ही माझ्या शिवणयंत्राकडे टक लावून बसायचात. शेवटी गणित राहिलं आणि यंत्र गेलं. ते अजून तुमच्याकडेच आहे.

तुमच्या कामाची एक खोड इथेच सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. फोम आणि वरचं रेक्झिन यांच्यामध्ये तुम्ही कापडाचा एक थर घालता. दुसरं कुणी घालत नाही. का, तर म्हणे बसल्यावर सीट करकरत नाही. ठीक आहे, न करकरो. पण हे कापड विकत आणणं तुम्हाला जन्मात पटलं नाही. घरात जुनं काही दिसलं की ते तुमच्या पिशवीत. माझे उशांचे अभ्रे गेले, टेबलावरचं कापड गेलं, तुमच्या दादांचे जुने पायजमे गेले. बैठकीतले निळ्या रेघांचे पडदे धुवायला काढले होते, ते दोरीपर्यंत पोचलेच नाहीत. या शहरातल्या अर्ध्या लोकांच्या बुडाखाली माझं घर आहे, आणि त्यांना त्याचा पत्ता नाही.

आणि दुसरी गोष्ट. तुमच्याकडे मोटारसायकल येत नाही. सीट येते. जुन्या गाड्यांचे व्यापारी पोत्यात भरून नुसत्या सीटा पाठवतात, तुम्ही जुनं सोलून नवं चढवता, पोतं परत जातं. कुठली सीट कुठल्या गाडीवर बसली हे तुम्ही कधी पाहिलं नाही आणि कधी विचारलंही नाही.

तुमच्या लेकीला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. आई लवकर गेली, पोर त्या फोमच्या लाद्यांवर झोपून, तिथेच अभ्यास करून मोठी झाली. शाळेत सगळ्यांना सांगायची, ‘माझे बाबा मोटारसायकली बनवतात.’ तुम्ही ऐकायचात आणि गालातल्या गालात हसायचात. आता ती दुसऱ्या गावी पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावर नोकरीला आहे, कमावते आहे. मागच्या वर्षी तिचा फोन आला, आणि फोन ठेवल्या ठेवल्या तुम्ही भर दुपारी माझ्या दारात.

“वहिनी, तिला मोटारसायकल हवीय. स्पोर्टवाली. पुढे झुकून बसतात ती.”

“मग घेऊ दे की. तिचे पैसे, तिचे गुडघे.”

“वापरलेली घेणार आहे. म्हणते, बाबा, तुम्ही बघून ठेवा. तुम्ही हो म्हणाल ती मी डोळे झाकून घेते.”

“मग बघा ना. उभा जन्म मोटारसायकलीत गेला तुमचा.”

तुम्ही खुर्चीच्या कडेवर टेकलात. खुर्चीचं कापड चिमटीत धरून चोळायला लागलात. तुम्ही घाबरलात की हेच करता.

“वहिनी, मला मोटारसायकलीतलं काही कळत नाही.”

मला वाटलं थट्टा चाललीय. “काही म्हणजे?”

“काहीच. मला चालवताही येत नाही.”

“अहो, मग इतकी वर्षं...”

“मला सीट कळते.”

मी कपाळावर हात मारून घेतला. ही झाकली मूठ तुम्ही कुणालाच कळू दिली नव्हती, सख्ख्या वहिनीलाही नाही. तुमचं म्हणणं, लेकीला आता सांगायचं कोणत्या तोंडानं? आणि न सांगावं तर ती वाऱ्याच्या वेगानं जाणार ती तुमच्या शब्दावर विसंबून. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. मग असं ठरलं की तुम्ही बसून बघायचं आणि मी किंमत करायची. घासाघीस मला येते. त्याला शिक्षण लागत नाही, निर्लज्जपणा लागतो. तो मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर कमावला.

किमतीचा अंदाज यावा म्हणून आधी आपण नव्या गाड्यांच्या काचबंद दुकानात गेलो. तिथे गळ्यात टाय बांधलेल्या एका मुलीनं आपल्याला थंड पाणी दिलं आणि तीन वेगवेगळ्या किमती सांगितल्या. एक पाटीवरची, एक दुकानातली, एक रस्त्यावरची.

“रस्त्यावरची वेगळी का?” मी विचारलं.

“मॅडम, त्यात नोंदणी, विमा, बाकीचं सगळं धरून असतं.”

“आणि रस्त्यावर न्यायची नसेल तर? स्वयंपाकघरात चालवायची का?”

ती हसली, पण किंमत हसली नाही. तेवढ्यात तुम्ही एका हिरव्या गाडीवर चढून बसला होतात. मागची सीट पाटासारखी उंच, पुढची खोलगट, हात पार खाली, पाय मागे दुमडलेले. डोळे मिटून तुम्ही सीटच्या कडा दाबत होतात.

“कसं वाटतंय काका?” मुलीनं विचारलं.

“शिलाई यंत्रावरची आहे,” तुम्ही म्हणालात. “फोम बरा आहे. पण यावर बसलेला माणूस पळतोय की खाली पडलेलं काही शोधतोय, ते कळत नाही.”

नवी परवडणार नव्हती हे पाणी पितानाच कळलं होतं. आपण तिथून निघालो ते थेट चकाचककडे. तो जुन्या गाड्यांचा व्यापारी. तुमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गाडी कशीही असो, त्याच्या तोंडी एकच शब्द, म्हणून त्याला सगळे तेच म्हणतात. पत्र्याखाली रांगेनं उभ्या केलेल्या गाड्या, टाक्या पुसून आरशासारख्या, आणि हा त्यांच्यामधून यजमानासारखा फिरणारा.

“या मास्तर, या काकू! कुठलीही घ्या. एकदम चकाचक.”

तुम्ही रांगेच्या टोकापासून सुरुवात केलीत. बसायचं, दाबायचं, उतरायचं. पुढची. बसायचं, दाबायचं, उतरायचं. अर्ध्या रांगेनंतर तुमचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं उन्हानं. मी तुम्हाला बाजूला घेतलं.

“वहिनी, सगळ्या माझ्याच आहेत.”

“काय तुमचं?”

“सीटा. सगळ्या मीच शिवलेल्या.”

“मग चांगलंच की! घरचंच काम.”

“तुम्हाला कळत नाही.” हे तुम्ही मला पहिल्यांदाच म्हणालात. “टाकी रंगवता येते, किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, पण सीट खोटं बोलत नाही. गाडी कुणी किती दामटली, कुठल्या अंगावर पडली, पावसात कुजली, सगळं सीटवर उमटतं. ते पुसायचेच तर मला पैसे मिळतात. आता मी इथे बसून काय बघू? मला माझेच टाके दिसतायत.”

मी तुमच्याकडे बघतच राहिले. हसू की रडू कळेना. तुमचं काम वाईट असतं तर बरं झालं असतं, असं मनात आलं आणि तसं बोलूनही टाकलं.

“इतकंही वाईट नाही करता येत हो,” तुम्ही म्हणालात. तुम्हाला ते खरंच लागलं.

लेकीला आपण तीन गाड्यांचे फोटो पाठवले. तिन्ही एकाच कंपनीच्या, एकाच बनावटीच्या: एक तांबडी, एक राखाडी, एक काळी. तिचं उत्तर आलं, ‘राखाडी झकास! पण तुम्ही म्हणाल तीच.’ ते उत्तर वाचून तुम्ही घरी गेलात आणि रात्री जेवला नाहीत. सकाळी पुन्हा दारात. हातात रेक्झिनची एक गुंडाळी.

“हे बघा.”

उतरवलेली जुनी कव्हरं तुम्ही फेकत नाही, कापायला नमुना म्हणून ठेवता. त्या ढिगातून हे काढून आणलं होतंत. पुढच्या सीटचं कव्हर. त्याची डावी कड नुसती फाटलेली नव्हती, घासून घासून नाहीशी झाली होती. उरलेल्या रेक्झिनवर सगळ्या रेघा एकाच दिशेनं, केस विंचरल्यासारख्या.

“गाडी डाव्या अंगावर पडून ही सीट रस्त्यावरून फरफटत गेलेली आहे,” तुम्ही म्हणालात. “पडदे गेले ना तुमचे, तेव्हाच्या पोत्यात आली होती. चकाचककडच्याच पोत्यात. आणि नमुना त्याच बनावटीचा आहे.”

म्हणजे त्या तिघींतली एक पडलेली होती. कुठली?

आपण पुन्हा गेलो. तुम्ही ते कव्हर तांबडीवर ठेवलंत, चपखल बसलं. राखाडीवर ठेवलंत, चपखल. काळीवर, चपखल. बसणारच की. मी तिथल्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं वाकून, ठोकून, सुरू करून बघितलं.

“राखाडीच्या पुढच्या चाकाचा एक दांडा नवीन आहे.”

“का बदलला?”

“झिजला असेल. किंवा पडली असेल.”

“यांतलं काय?”

“दोन्हींत बदलावा लागतो काकू.”

“आणि बाकीच्या दोघींचा?”

“जुनाच आहे. नसेल झिजला. किंवा पडूनही बदलला नसेल.”

मग कळलं, हा चकाचकचा सख्खा मेहुणा. म्हणजे तो खरं बोलत असला तरी विश्वास ठेवायची सोय नाही. मी चकाचकला सरळ विचारलं, “यातली पडलेली कुठली?”

“काकू, माझ्याकडे गाडी येते ती उभीच येते.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधीचं मी कुणाला विचारत नाही. मास्तरही विचारत नाहीत. विचारा त्यांना.”

तुम्ही खाली बघितलंत.

मग किमतीला बसलो, आणि तिथे तुम्ही जो गोंधळ घातलात तो मी मेले तरी विसरणार नाही. चकाचकनं राखाडीची किंमत सांगितली. मी नाक मुरडलं, तसा तो खाली आला. आणि तुम्ही दचकून म्हणालात, “एवढी कमी? का?”

“भावोजी, गप्प बसा.”

“नाही पण एवढी पटकन कमी केली म्हणजे काहीतरी असणार.”

चकाचकही बावरला. “बरं, मग पहिलीच किंमत द्या.”

“आणि काळी?” तुम्ही विचारलंत.

“काळी जरा जास्त आहे.”

“जास्त म्हणजे पडलेली नसेल ना? अजून थोडी जास्त होईल का?”

लोक घासाघीस करून किंमत उतरवतात. तुम्ही घासाघीस करून चढवलीत. चकाचकनं इतकी वर्षं धंदा केला, पण असं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. तो एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा तुमच्याकडे, आणि आपण दोघं मिळून त्याला कसल्यातरी डावात पकडतोय असं त्याला वाटायला लागलं. मी तुम्हाला दंडाला धरून एका स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, “इथून हलायचं नाही.”

चूक माझी नव्हे, चकाचकची. सीटखालची हत्यारांची पिशवी दाखवायला त्यानं राखाडीची सीट किल्ली लावून काढली, आणि धरा जरा मास्तर म्हणून तुमच्या हातात दिली. वर बजावलंही, “नुसती धरा हं. कव्हरच्या पिना काढल्यात तर गाडी तुमची.” आणि आम्ही दोघं किमतीला भिडलो.

“शेवटचं सांग.”

“काकू, हेच शेवटचं.”

“शेवटचं कसं? अजून नीट सुरुवातच कुठे झालीय?”

तेवढ्यात मागून आवाज आला. टिक. टिक. टिक. वळून बघतो तर तुम्ही स्टुलावर, मांडीवर उलटी सीट, हातात खिशातला बोथट पेचकस, आणि कव्हरच्या अर्ध्या पिना जमिनीवर. तुमची नजर कुठेतरी लांब लागलेली. उलटी सीट मांडीवर आली की तुमचे हात तुमचे राहत नाहीत.

“मास्तर!” चकाचक ओरडला.

तुम्ही भानावर आलात. हातातल्या सीटकडे अशी नजर टाकलीत, जणू ती कुणी दुसऱ्यानंच उचकटली. मग म्हणालात, “आता उघडलीच आहे तर बघूया.” कव्हर मागे ओढलंत. आत माझा पडदा. निळ्या रेघा जशाच्या तशा.

“सापडली!” मी म्हटलं. “हीच ती.”

“नाही वहिनी,” तुम्ही पडद्यावरून हात फिरवत म्हणालात. “त्या पोत्यातल्या सगळ्याच सीटांना तुमचे पडदे घातले. या बनावटीच्या तीन होत्या.” मग फोम वर करून खालचं प्लास्टिक बघितलंत. डावी कड साफ, गुळगुळीत. “खरचटलेलं मी भरून घासून काढलं असेल. किंवा खरचटलंच नसेल. मी इतकं बेमालूम भरतो...”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण बोल बोललेला होता, पिना काढल्या होत्या, गाडी आपली झाली होती. मी पदवीधर बाई आहे, मी तिथल्या तिथे सावरलं.

“या किमतीला फाटक्या सीटची गाडी?” मी चकाचकला म्हटलं.

“अहो काकू, आत्ता यांनीच तर उचकटली!”

“कुणी का उचकटेना. उचकटलेली आहे ना? आणि शिवणार कोण? मास्तर. मास्तरांची मजुरी कोण देणार?”

तो बिचारा काही क्षण हिशेब लावत उभा राहिला. त्याला तो लागला नाही, आणि किंमत उतरली. ती वाजवी होती का? पडलेली नसेल तर फारच स्वस्त, पडलेली असेल तर जरा महाग. मधोमध काढली तर वाजवी. याहून जास्त मला आजही सांगता येणार नाही.

लेक सुट्टीला आली तेव्हा गाडी तुमच्या बोळासमोर उभी होती, नवं कव्हर चढवलेली. त्यासाठी बैठकीतला नवा पडदाही गेला, असो. ती गाडीभोवती फिरली, टाकीवर हात ठेवला, आणि तुमच्याकडे बघून म्हणाली, “मग बाबा? हो ना?”

मला वाटलं तुम्ही हो म्हणाल. एक शब्द, आणि सगळी इभ्रत शाबूत. तुम्ही स्टुलावरचा दोरा सारखा केलात, पुन्हा सारखा केलात.

“मला माहीत नाही,” तुम्ही म्हणालात.

“म्हणजे?”

“मला मोटारसायकलीतलं कळत नाही. मी फक्त सीटा शिवतो. ही पडलेली असेल किंवा नसेल. मीच ते झाकून ठेवलंय, आणि आता मलाच सापडत नाही.”

मग मी तिला ते घासलेलं कव्हर दाखवलं आणि चकाचककडची सगळी हकीकत सांगितली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. राग होता, की इतकी वर्षं शाळेत आपण काय सांगत होतो ते आठवत होती, कोण जाणे. मग ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला चालवता तरी येते का?”

“नाही.”

“मागे कधी बसलायत?”

“नाही.”

“अख्खा जन्म सीटा शिवल्या आणि बसला नाहीत?”

“बसलो की. उभ्या गाडीवर.”

ती एकदम हसायला लागली, पण डोळे पुसत हसली. “चकाचक म्हणतो चकाचक, मेकॅनिक म्हणतो दोन्ही, आणि तुम्ही म्हणता माहीत नाही. चला, बसा मागे. चालवून बघूया. तुम्हाला खालून काय कळतं ते सांगा.”

त्या पाटासारख्या उंच सीटवर तुम्ही चढलात ते मला आठवतंय. शिडीवर चढल्यासारखे, आणि वर गेल्यावर धरायला काही नाही हे लक्षात येऊन पोरीचे खांदे पकडलेत. गल्लीतले सगळे दुकानदार बाहेर आले होते. गाडी गेली. मी त्या घासलेल्या कव्हरची गुंडाळी हातात धरून तिथे उभी, एखाद्या मूर्खासारखी.

परत आलात तेव्हा केस उभे, डोळ्यांतून पाणी.

“काय कळलं?” मी विचारलं.

“डावीकडे जराशी ओढते,” तुम्ही म्हणालात. मग केस सारखे करत, “किंवा ती डावीकडे वळत होती.”

पोरीनं गाडी ठेवून घेतली. तिकडे नेऊन एका ओळखीच्या मेकॅनिककडून पुढचे दोन्ही दांडे बदलून घेतले, स्वतःच्या पैशानं, आणि अजून तीच चालवते. तुम्हाला फोनवर विचारते, “सीट करकरत नाही हो बाबा, बाकी काय काय करकरतंय सांगू?” तुम्ही ऐकता आणि हसता. आता पोती येतात तेव्हा तुम्ही म्हणता, “गाडी पण आणा.” काहीजण आणतात. चकाचकचं पोतं येत नाही. तुम्ही नाही म्हणालात की त्यानंच बंद केलं, मी विचारलं तर तुम्ही दोन्हीला मान हलवलीत.

पण त्या दिवशी, पोर गाडी लावायला गेली तेव्हा, तुम्ही माझ्या हातातली गुंडाळी उलगडलीत आणि त्या रेघांवरून बोट फिरवलंत.

“वहिनी, गाडीचं काही कळत नाही. पण सीट तर पडली होती. तिच्यावर कुणीतरी बसलेलं असणारच ना?”

मी कव्हरचं दुसरं टोक धरलं.

“तो उठला का पुढे, एवढंच. चकाचकला ठाऊक असेल, गाडी कुणाकडून घेतली ते. उद्या जाऊन विचारूया. तुम्ही विचारा. माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

“उद्या जाऊ,” मी म्हटलं. “कव्हर माझ्याकडे असू दे, दाखवायला लागेल.”

दुसऱ्या दिवशी तुम्हाला काम होतं. नंतर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. नंतर चकाचकचं दुकान बंद होतं, की आपण त्या बाजूला गेलोच नाही, ते आता आठवत नाही. तुम्ही येता, चहा घेता, खुर्चीचं कापड चिमटीत धरता, उठताना दाराकडे बघता. कव्हर दारामागच्या खिळ्याला आहे. जाताना हाताशी यावं म्हणून तिथे लावलं होतं.